डब्यावरचं बोट

रेकॉर्डवरून सुई जो आवाज उचलते तो फार बारीक असतो. स्पीकरकडे जाण्याआधी तो वाढवावा लागतो. त्यासाठीचा प्रीअॅम्प मी घरीच जोडला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. गाणं लागलं, पण गाण्याखाली सतत एक घरघर होती. डब्याच्या एका कोपऱ्यात रंग उडाला होता. तिथे बोट टेकवलं की ती थांबायची, उचललं की परत यायची.

मग वर्षभर मी डब्यावर बोट ठेवूनच गाणी ऐकली. मधल्या काळात तारा आखूड केल्या, ट्रान्सफॉर्मर लांब नेला. काल सकाळी चूक सापडली. अर्थिंगची तार मी डब्याच्या रंगावरच आवळली होती, पत्र्याला ती टेकतच नव्हती. रंग खरवडला, स्क्रू पुन्हा बसवला आणि घरघर गेली. इतकी गेली, की गाण्याआधी गायिकेने घेतलेला श्वास ऐकू आला.

असा श्वास ऐकायलाच तर सगळा खटाटोप होता. तरी काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. जे आपल्या हातामुळे चाललंय असं वाटतं, ते आपल्यावाचून जास्त चांगलं चालतं, हे पचायला वेळ लागतो.

"झालं ना नीट?" बायकोने विचारलं. "मग बोट कशाला ठेवलंय अजून?"

मी खाली पाहिलं. बोट कोपऱ्यावरच होतं.

ती हसली आणि तिने बंगळुरूला मुलीला फोन लावला. मुलगी एव्हाना ऑफिसात पोचलेली असते.

"उठलीस का गं?" बायकोने तिला रोजच्यासारखं विचारलं.