नांदेड–लातूर, मार्गे अहमदपूर

माझ्या थोरल्या साडूंइतकं विमान चालवलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि इतकं चालवूनही विमानात एकदासुद्धा पाय न ठेवलेला तर नसेलच नसेल. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीमागे बसून ते निवृत्त झाले. सगळे त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणे. निवृत्तीनंतर त्यांनी नांदेडहून एक जुना कॉम्प्युटर आणला. सगळ्या गाड्यांच्या वेळा एकदा नीट उतरवून ठेवायच्या, असं कारण सांगितलं होतं. पण त्या कॉम्प्युटरात आधीच्या मालकाने घरबसल्या विमान चालवायचा सिम्युलेटर भरून ठेवलेला निघाला, आणि गाड्यांच्या वेळा कायमच्या राहून गेल्या. महिन्याभरात बैठकीतला दिवाण परसात गेला, त्या जागी टेबल आलं, टेबलावर विमान वळवायचा दांडा आला. रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, खिशाला दोन पेनं अडकवून अप्पा सकाळी साडेदहाला ड्यूटीवर हजर.

विमान कसं चालवावं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ते एसटीसारखंच चालवायचं. सुटण्याआधी ते घसा खाकरून, स्वयंपाकघरात भाकरी थापत असलेल्या बायकोला, म्हणजे अक्कांना, ऐकू जाईल अशा आवाजात पुकारत, "नांदेडहून लातूरकडं जाणारी गाडी फलाटावर लागून राहिली आहे." विमान का म्हणत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चाकं हायत ना? मग गाडीच." शाळेच्या वहीत रकाने पाडून सुटायची वेळ, पोचायची वेळ, उशिराचं कारण, सगळं लिहीत. लाइट गेली की 'मार्गात बिघाड'. एकदा हैदराबादला निघाले असताना गल्लीत पाण्याचा टँकर आला. दुष्काळाचं वर्ष, टँकर आठ-दहा दिवसांनी एकदा यायचा. अप्पा विमान आपोआप चालेल असं लावून दोन घागरी घेऊन धावले. रांगेत पावणेदोन तास गेले, तोवर विमान हैदराबाद ओलांडून पार पुढे गेलं आणि इंधन संपून कुठेतरी शेतात कोसळलं. परत येऊन त्यांनी चौकशी केली, चालक कामावर गैरहजर असल्याचं नोंदवलं आणि स्वतःला तीन दिवस निलंबित केलं. त्या तीन दिवसांत ते खरंच टेबलाजवळ फिरकले नाहीत. अक्का म्हणाल्या, "आता तरी जरा घरात लक्ष घाला," तर उत्तर मिळालं, "निलंबित माणसाला काम सांगता येत न्हाई."

या हसण्यासारख्या गोष्टी मी आता सांगतो आहे खऱ्या, पण ते वर्ष हसण्याचं नव्हतं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साखरेने त्यांचा डावा डोळा गेला होता आणि उजवा चालला होता. दर चार आठवड्यांनी लातूरला नेऊन त्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागे. दुसऱ्या कुणी बायकोला धीर दिला असता. अप्पांना तसं काही जमलंच नाही कधी. डॉक्टरांशी बोलून ते बाहेर आले आणि लातूरच्या स्टँडवर, बाकावर बसलेल्या अक्कांना माझ्यादेखत म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत टिकला तर टिकला, असं म्हणून राहिले डॉक्टर." मला त्यांचा संताप आला. अहमदपूरची गाडी लागली तेव्हा अक्का खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ते विमान उडवत राहता ना, त्यातून आपलं घर दिसतं का वो? दिसलं तर एकदा दाखवा. वरून कसं असतं बघावं म्हणते."

तेव्हापासून अप्पांच्या आयुष्यात दुसरं काम उरलं नाही. अक्कांची दृष्टी आहे तोवर नांदेडहून निघायचं, आपल्या छपरावरून जायचं आणि लातूरला उतरायचं. विमानांचे रस्ते आकाशातल्या ठरीव खुणांवरून जातात. त्या खुणांची नावं आणि जागा यांची यादी सिम्युलेटरात असते आणि ती दर अठ्ठावीस दिवसांनी नव्याने निघते. अठ्ठावीस दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात अक्कांचं इंजेक्शन आणि विमानांची यादी एकाच तारखेला लाल पेनाने मांडून ठेवली. पण त्या यादीत अहमदपूर कुठेच नव्हतं. हे त्यांना फार लागलं. तेव्हा नव्या जिल्ह्याची बोलणी चहाच्या प्रत्येक टपरीवर चालू होती, आणि उद्या अहमदपूर जिल्हा झाला तर विमानतळ होणार, विमानतळ झाला तर खूण लागणार, मग खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तशी ती आत्ताच धरून ठेवावी, असं त्यांचं म्हणणं. विमानाचा रस्ता आखून देणाऱ्या वेबसाइटवर आपली खूण स्वतः भरता येत होती, फक्त नाव इंग्रजी पाच अक्षरांचं लागतं. अहमदपूर बसेना. अप्पांनी अक्कांचं माहेरचं नाव घातलं, कमला. "पाचात बसतं म्हणून घातलं," एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून वहीत लिहीत राहिले.

पुढे विमान काही कमलाकडे जाईना. आधी मशीन म्हणालं, अशी खूण सापडत नाही. त्या वेबसाइटवर यादी नवी होती आणि अप्पांच्या सिम्युलेटरात जुनी, हे त्यांनी पंधरा दिवसांनी शोधून काढलं. कमलासकट नवी यादी उतरवून घ्यायला गावातल्या इंटरनेटला चार दिवस लागले. मग मशीनने कमला मान्य केलं, विमान नांदेडहून उठलं, आणि अहमदपूर डावीकडे लांब सोडून थेट लातूर शहरावर जाऊन पोचलं. दुसऱ्या दिवशीही तेच. अप्पांनी सगळं पुसून पुन्हा भरलं, विमान बदललं, उलट लातूरहून नांदेडला येऊन पाहिलं. कमला लातूरच्या डोक्यावरून हलेना. अक्का रोज शेजारी खुर्ची ओढून बसत, चष्मा पुसत आणि विचारत, "आलं का?" शेवटी अप्पांचा निष्कर्ष असा झाला, की हे लातूरच्या लोकांचं काम असणार. "ऑफिसं तिकडं नेली, कोर्टाची कामं तिकडं, दवाखाना तिकडं. आता खूण बी पळवली. उगंच नवा जिल्हा मागून राहिले का लोक?"

मी नांदेडला शाळेत गणित शिकवतो. दर रविवारी आम्ही दोघं नवराबायको अहमदपूरला जात असू. अप्पांनी मला तीनदा म्हटलं, "मास्तर, एकदा आकडे बघून द्या." मी तीनदा टाळलं. मला तो पोरखेळ वाटत होता. मी म्हणायचो, "अप्पा, दांडा हातात घ्या आणि डावीकडे वळवा, दोन मिनिटांचं काम आहे." त्यावर ते माझ्याकडे फार दुःखाने बघत. "रूट सोडून गाडी नेणाऱ्या डायवरला मी तीस वर्षं मेमो दिले, मास्तर. कमलाची गाडी मी तशी नेऊ व्हय?" मी बायकोकडे बघून हसलो होतो. ते हसणं मला आजही आठवलं की मान खाली जाते.

चौथ्या रविवारी अप्पा टँकरच्या रांगेत होते म्हणून मी सहज ती वही उघडली. कमलापुढे लिहिलं होतं, १८.४२ आणि ७६.५६. शेजारी नकाशावरून उतरवलेलं होतं, अठरा अंश बेचाळीस मिनिटं, शहात्तर अंश छप्पन मिनिटं. माझ्या ध्यानात आलं. एसटीच्या वेळापत्रकात १८.४२ म्हणजे अठरा वाजून बेचाळीस मिनिटं. टिंबापुढे मिनिटं, हे त्यांच्या हाताला तीस वर्षं ठाऊक. मशीनला मात्र टिंबापुढे अंशाचे शंभर भाग हवे होते. अप्पा घागरी ठेवून आले तेव्हा मी म्हटलं, "बेचाळीसला साठाने भागा. अठरा सत्तर लिहा." ते हबकले. "सत्तर? साठाच्या पुढं मिनिट असतं व्हय? अठरा सत्तर ही वेळच न्हाई, मास्तर." आणि छप्पनचे त्र्याण्णव झाले तेव्हा तर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या लेखी ही खोटी नोंद होती. तरी त्यांनी लिहिलं.

विमान नांदेडहून उठलं आणि पहिल्यांदा अहमदपूरच्या दिशेने निघालं. अक्का खुर्चीत होत्या. पण त्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं, बाकी काही नाही. हे मला नांदेडहून निघतानाच बायकोने सांगितलं होतं, आणि अप्पांना तर माहीतच होतं. तरीही त्यांनी घसा खाकरला आणि पुकारलं, "अहमदपूर येऊन राहिलं."

"काय काय दिसून राहिलंय?" अक्कांनी विचारलं.

"स्टँड. मोंढ्याचा बाजार. शाळेचं पटांगण."

"आपलं घर?"

"पांढरा ठिपका हाय. लई बारका."

"आणि तळं?"

अप्पा पडद्याकडे वाकले. बाहेर तळ्यात भेगा पडल्या होत्या, गुरं आडवीतिडवी त्यातून चालत जायची. पण सिम्युलेटरातली जमीन म्हणजे वरून काढलेले फोटो, आणि ते फोटो कुठल्या तरी बऱ्या वर्षातले होते. पडद्यावर तळं निळंशार होतं. "भरलंय," अप्पा म्हणाले. "काठापर्यंत."

अक्का हसल्या. चाचपडत त्यांनी अप्पांचा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या वो," त्या म्हणाल्या, "कायबी सांगून राहिलात. तळं भरलं असतं तर टँकरला गेले असतात का?" आणि माझ्याकडे तोंड करून, हळूच, पण फार खुशीत म्हणाल्या, "बघा मास्तर, माझ्यासाठी आता खोटं बी बोलायलेत." मी तोंड उघडलं, आणि अप्पांनी मान हलवून मला गप्प केलं. विमान कमलावरून वळलं आणि लातूरकडे गेलं.

अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवा जिल्हा अजून बोलण्यातच आहे. मागे एकदा अहमदपूरला गेलो, तेव्हा न राहवून अप्पांना म्हटलं, की पडद्यावर तळं खरोखर भरलेलं होतं हे अक्कांना सांगायला हवं होतं, आणि मी आकडे वेळेवर बघितले असते तर त्यांनी ते स्वतःच पाहिलं असतं. मी माफी मागत होतो हे त्यांना कळलं असावं. त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

"आकड्यांचं जाऊ द्या, चूक माझी होती," ते म्हणाले. "आणि तळ्याचं सांगितलं न्हाई ते बरंच झालं, मास्तर. लगीन झाल्यापासून तिच्यासाठी एकदा बी गोड बोलता आलं न्हाई मला. तेवढं एकदा बोललो, असं समजून ती गेली."