दुखत नाही, असं मी सांगितलं
सोमवारी वडील गोडादऱ्याच्या घरात पडले. स्मृतिभ्रंशाने त्यांची गुजराती गेली होती, अहिराणी तेवढी उरली होती. म्हणून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात, फिनेलच्या वासात, डॉक्टरांचे गुजरातीतले प्रश्न मी त्यांना अहिराणीत समजावत होतो. "दुखस का?" वडील हसले. "नही, बेस शे," म्हणाले आणि आईकडे वळले, "साहेबले चहा दे." दुखत नाही, असं मी सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि घरी न्यायला सांगितलं. तेव्हा आईने चादर बाजूला केली. "पाव्हनाले दुखनं सांगतस का कोनी? त्यास्ना पाय देख." डावा पाय आखूड होऊन बाहेर वळला होता, खुबा मोडला होता. त्यानंतर वडील तीन महिने जगले. आता आई "मी बरी शे" म्हणाली, की मी तिच्या चालण्याकडे बघतो.