सरोदेनानांच्या दारावरची डबी

आमच्या समोरचे चंद्रप्रकाश सरोदे, म्हणजे सगळ्यांचे नाना, यंत्रावर आधी संशय घेतात आणि मग ते वापरतात. छत्तीस वर्षं त्यांनी ट्रॉम्बेला मोजमापाची उपकरणं दुरुस्त केली. काटा शून्यावर दिसला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, रोज सकाळी आधी तो मुद्दाम हलवून बघायचा, कारण बंद पडलेल्या यंत्राचा काटाही शून्यावरच असतो. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता मीच त्यावर तासभर बोलू शकेन.

त्यांच्या बायकोला, विमलाताईंना, तीनेक वर्षांपासून विस्मरण व्हायला लागलं. आधी गॅस बंद करायचं विसरल्या, मग मुलीचं नाव आणि शेवटी नानांनाच. संध्याकाळी पाचच्या आसपास, नाना डुलकी काढत असले किंवा चहा टाकत असले की विमलाताई पदर नीट करून, चपला घालून गुपचूप दाराबाहेर. एकदा पार गेटपर्यंत पोचल्या होत्या. मुलुंडला राहणाऱ्या अनुपमाने, त्यांच्या मुलीने, ते ऐकून अंधेरीच्या एका कंपनीची डबी आणली आणि दारावर चिकटवून दिली. आत बटणाएवढी बॅटरी. दार उघडलं की डबीवर हिरवा दिवा लुकलुकायचा, निरोप कंपनीच्या कुठल्याशा कॉम्प्युटरला जायचा आणि तिथून नानांचा फोन वाजायचा. नाना धावत जिना उतरायचे, पहिल्या मजल्याशी विमलाताईंना गाठायचे आणि "चल गं, चहा पिऊ" म्हणत दंडाला धरून वर आणायचे. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळी अशी माणसं बेचैन होतात. नानांनी ते मान्य करून टाकलं होतं.

दोन वर्षं असं चाललं. रोज सकाळी सातला नाना स्वतः दार उघडून बनियनवर उभे राहायचे आणि फोन वाजला की समाधानाने आत जायचे. बिल्डिंग हसायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन वाजलाच नाही. दिवा लुकलुकला, पण फोन गप्प. नानांनी नवी बॅटरी घातली, मग दुसऱ्या दुकानातली घातली. शेवटी माझी बेल वाजवली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

"हे बघ, सुलक्षणा. दार सताड उघडं आहे आणि हा म्हणतो, दार बंद, सर्व ठीक. खोटारडा मेला!"

अनुपमाच्या जुन्या ईमेलमध्ये कंपनीचं पत्र सापडलं. सेवा कायमची बंद करत आहोत, इतके दिवस साथ दिल्याबद्दल आभार. खाली जोडलेल्या हातांचं चित्र! माझं डोकंच फिरलं. अरे, आभार कसले मानता? एका बाईचा जीव तुमच्या भरवशावर होता. नाना चिडले नाहीत. विमलाताईंना माझ्याकडे बसवून मेट्रोने अंधेरीला जाऊन आले. तिथे ऑफिसला टाळं होतं. खुर्च्यासुद्धा विकून गेले, असं वॉचमनने सांगितलं.

रविवारी अनुपमा आली ती कुलूप घेऊनच.

"आतून लावायचं आणि चावी तुमच्या खिशात ठेवायची, पप्पा."

"तुझ्या आईला कोंडून ठेवू?"

"मग रिक्षाखाली जाऊ दे तिला? दुपारी तुमचा डोळा लागतो ना? मग?" असं म्हणाली आणि रडायलाच लागली. तिचंही चूक नव्हतं. नानांनी कुलूप घेतलं, पण हातात तसंच धरून बसले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी विमलाताईंना "कुठे चाललीस?" असं कधी विचारलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता.

सोमवारी पाच वाजता मी काय होतंय ते बघायला समोर गेले. नानांनी मला आत घेऊन पुन्हा कुलूप लावलं. थोड्या वेळाने विमलाताई तयार होऊन आल्या. कडी ओढून पाहिली, कुलूप पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या नानांकडे वळल्या आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या,

"भाऊ, एवढं दार उघडता का? मला उशीर होतोय."

नाना जागचे हलले नाहीत. दोन वर्षांत त्यांनी विमलाताईंना बोलायची वेळच येऊ दिली नव्हती. फोन वाजला की धाव, धर, आण.

"कशाला उशीर होतोय?"

"तुम्हाला काय करायचंय?" विमलाताई फणकारल्या.

नानांनी चावी काढली.

त्या पुढे, आम्ही दोघं दहा पावलं मागे. जिना उतरून त्या गेटबाहेर पडल्या आणि रस्ता न ओलांडता सरळ बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. कुठेही गोंधळ नाही, चुकणं नाही. नाना जवळ गेले तशा म्हणाल्या, "जरा बाजूला उभे राहा, भाऊ. यांची ट्रॉम्बेची बस येईल आता. गर्दीत मी दिसले नाही तर हे शोधत बसतात."

"विमल, अगं मी आलोय ना."

त्यांनी त्या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला नीट न्याहाळलं. "तुम्ही नव्हे," म्हणाल्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या.

मला रडू आवरेना. नाना मात्र स्टॉपच्या मागून वळसा घालून पलीकडे गेले. एक बस आली. चार-सहा माणसं उतरली, त्यांच्यात नाना मिसळले आणि समोरून चालत आले.

"आलो गं."

विमलाताईंचा चेहरा असा काही उजळला की मी दुसरीकडे बघितलं. "आज उशीर केलात," त्या म्हणाल्या. मग नानांचे रिकामे हात पाहून, "आणि डबा?"

"राहिला कामावर."

"उद्या आठवणीने आणा. नाहीतर भाजी कशात देऊ?"

घरी येईपर्यंत त्या भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. पहिल्या मजल्यावर त्या पुढे गेल्या आणि नाना कठडा धरून थांबले.

"रोज इथूनच मागे फिरवायचो मी हिला," ते म्हणाले. "यंत्र चालतंय का ते रोज बघितलं, सुलक्षणा. ही मलाच घ्यायला निघायची गं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला माझी बेल वाजली. नाना दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रिकामा स्टीलचा डबा घेऊन.

"मी स्टॉपवर पुढे जातो. ती निघाली की तू मागे राहा," ते म्हणाले. "पण तिला थांबवू नकोस हं."