पाइपाला पाडलेलं भोक

आत्याच्या दुकानात रोजचं येणं-जाणं असलेले प्लंबर सदूभाऊ कॉलेजच्या फाटकाशी उभे दिसले. त्यांच्या हातात आत्याच्या दुकानाची किल्ली होती. "चल गो," एवढंच म्हणाले. वाटेत लूना चालवताना, मागे न बघता त्यांनी सांगितलं, "काउंटरवरच बसल्या होत्या. मला एक इंची सॉकेट काढून दिला, आणि तिथेच मान टाकली..." सुमाआत्या गेली त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला आलेल्यांनी तिच्याविषयी खूप काही म्हटलं. बिचारी एकटी, बिचारीला मूल नाही, बिचारीने काचेच्या टाकीतल्या माशांत जीव रमवला. मी चहाचे कप गोळा करत ऐकत राहिले, कारण मोठ्यांपुढे बोलायची मला सवय नाही. लिहायचीही फारशी नाही. तरी लिहिते आहे, कारण आत्या बिचारी नव्हती.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचे यजमान लवकर गेले आणि पाइप-फिटिंगचं त्यांचं दुकान तिने चालवायला घेतलं. माझे वडील लांज्याला काजूच्या कारखान्यात. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. नव्याण्णव साली मला अकरावीसाठी तिने रत्नागिरीला आपल्याकडे आणलं. घर चिऱ्याचं, मधे भिंत घालून दोन भाग केलेलं. एका भागात आत्या, दुसऱ्यात तिचे दीर. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मागची पडवी मात्र दोघांची एकच. मी आले त्या दिवशी अण्णांनी पडवीतूनच विचारलं होतं, "ही किती दिवस?" आत्या म्हणाली, "शिकून होईपर्यंत." अण्णांना ते आवडलं नव्हतं हे मला कळलं.

काचेची टाकी एका हॉटेलवाल्याने मागवली होती. त्याचं हॉटेल काही उभं राहिलं नाही आणि टाकी आत्याच्या दुकानात धूळ खात पडली. एक दिवस तिने ती हातगाडीवर घालून घरी आणली आणि पुढच्या खोलीत मांडली. तिला त्यात समुद्रातले मासे ठेवायचे होते. मिरकरवाडा बंदरावरचा एक ओळखीचा होडीवाला बाहेर खोल समुद्रातून पाण्याचे कॅन भरून आणायचा, कारण धक्क्याजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. जाळ्यात चुकून आलेले बोटभर पट्टेरी मासे, जे लिलावात कोणी विचारत नाही, तेही तोच द्यायचा. पण खारं पाणी लगेच खराब होतं. ते सतत गाळायचं तर पंप लागणार, आणखी एक मोठी टाकी लागणार, आणि तो आवाज, ते खारट शिंतोडे तिला पुढच्या खोलीत नको होते. म्हणून तिने ठरवलं की गाळायची टाकी मागच्या पडवीत ठेवायची. पडवी तीन पायऱ्या खाली आहे, तेव्हा काचेच्या टाकीतून काठावरचं पाणी पाइपाने आपोआप खाली जाईल आणि पंप ते गाळून परत वर चढवील. खालच्या टाकीसाठी तिने मासळी बर्फात ठेवायची एक जुनी फायबरची पेटी आणली. तिचा वास जायला आठ दिवस घासावी लागली. आत गाळण म्हणून कालवांच्या शिंपल्या आणि स्पंज घातला.

सदूभाऊ हसले होते. "वैनी, पाइप विकणं वेगळं नि जोडणं वेगळं."

"मग बस तू काउंटरवर, विक पाइप. मी घरी जाऊन जोडते."

आणि खरंच ते एक अख्खी दुपार काउंटरवर बसले! आत्याने छिन्नीने दोन भिंतींतून आरपार वाट काढली, पाइपाला ढाळ दिला, वळणावरच्या एल्बोला चिकटवायचं सोल्यूशन लावून एकेक सांधा मनात साठ आकडे मोजेपर्यंत दाबून धरला. मी टॉर्च धरून उभी होते. लाल चिऱ्याची भुकटी तिच्या भुवयांवर बसली होती. पाणी पहिल्यांदा फिरून वर आलं तेव्हा ती टाळ्या वगैरे वाजवत बसली नाही. कमरेवर हात ठेवून भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाललं हो!"

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. लाइट गेली की पंप थांबतो, आणि मग वरचं पाणी चढत्या पाइपातून उलटं खाली येऊ शकतं. ते अडवायला आत्याने दुकानातला सगळ्यात चांगला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला होता. आपल्या दुकानातल्या मालावर तिचा फार विश्वास. शिवाय खालच्या पेटीत तिने ऑइलपेंटची एक रेघ मारली होती. पाणी त्या रेघेपर्यंतच ठेवायचं, वर पेटी रिकामी. पण मला त्याचं कारण माहीत नव्हतं. एका दुपारी ती दुकानात असताना मला पेटीत पाणी कमी वाटलं. मदत करावी म्हणून मी दोन कॅन पाणी ओतून पेटी काठोकाठ भरली. तासाभराने लाइट गेली. व्हॉल्व्हमध्ये शिंपलीचा तुकडा अडकला होता, तो मिटलाच नाही, आणि वरचं पाणी येतच राहिलं... पेटीला रेघेवर जागा असती तर बरंचसं मावलं असतं. ते सगळं पडवीभर झालं आणि अण्णांच्या दारातल्या तांदळाच्या दोन पोत्यांत शिरलं.

अण्णांनी वाडी गोळा होईल एवढा आवाज केला. आत्या दुकानातून धावत आली, पेटी बघितली, रिकामे कॅन बघितले, माझं तोंड बघितलं. तिला सगळं कळलं. "तू अभ्यासाला बस," म्हणाली. मग अण्णांना म्हणाली, "भाऊजी, माझा व्हॉल्व्ह अडकला. चूक माझी." मी पाणी भरल्याचं तिने सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी लांज्याच्या एसटीत असते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यानंतर प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्यापुढे अण्णांनी तो पूर काढला. "आमच्या वैनींची इंजिनिअरी!" आत्या भाकरी थापत ऐकायची. खोलीत आल्यावर मला एकदा म्हणाली, "हसू दे. तू बीएस्सी हो, मग मी हसते."

त्याच आठवड्यात तिने तो व्हॉल्व्ह काढून टाकला आणि खिळा तापवून वर जाणाऱ्या पाइपाला, काचेच्या टाकीत पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली, एक भोक पाडलं. पाणी उलटं येऊ लागलं की पातळी भोकाखाली जाईल, हवा आत शिरेल आणि ओढ तुटेल. सदूभाऊंनी कपाळावर हात मारला. "पाइप विकणारी बाई पाइपाला भोक पाडते!" आत्या म्हणाली, "मेल्या, पाइपाला एक भोक असतंच. मी दुसरं पाडलं."

ती गेल्यानंतर चौथ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. अण्णा पुढच्या खोलीत आले आणि टाकीकडे बघून म्हणाले, "सुतक चाललंय, तेराव्यापर्यंत घरात मासळी आणायची नाही, आणि इथे मासे नाचतायत. लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "अण्णा, हे खायचे मासे नाहीत." बहुधा फार हळू म्हणाले. त्यांनी स्विच बंद केला. पाइपात गुळगुळ आवाज सुरू झाला. कोणीतरी ओरडलं, "अरे, मागचा पूर आठवतो ना!" आणि पडवीतल्या बायका लुगडी सावरत पायरीवर चढल्या. मी पेटीजवळ जाऊन उभी राहिले. पाणी रेघेच्या वर आलं, चढत राहिलं... मग वरच्या टाकीतून पाइपाने हवा ओढल्याचा एक लांब घोट ऐकू आला, आणि सगळं थांबलं. पेटीच्या काठाला अजून चार बोटं शिल्लक होती. फरशीवर एक थेंब नाही.

पायरीवरून कोणी उतरेना. तेव्हा मी बोलले. या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अण्णा, त्या वेळी पेटी मी भरली होती. आत्याने नाही. तिने मला घालवलं नाही, तुमचं बोलणं सोसलं." अण्णांनी वाकून पेटीतली रेघ बघितली. "चार वर्षं सोसलं?" म्हणाले. मी "हो" म्हटलं, पुढच्या खोलीत गेले आणि स्विच चालू केला. कोणाला विचारलं नाही.

टाकी द्यायची का, असं तिघांचं विचारून झालं. द्यायची नाही. मी शेवटच्या वर्षाला आहे, घर सोडून गेले तरी टाकी इथेच राहील. सदूभाऊ शिंपल्या धुतात, अण्णांनी परवा आपणहून होडीवाल्याचे कॅन फाटकापासून आत आणले. ज्यांना अजूनही ती बिचारी वाटते त्यांनी जरूर यावं. चपला मागच्या पडवीत काढाव्यात, अगदी पेटीला लागून, आणि स्विच स्वतःच्या हाताने बंद करावा. जाताना त्याच चपला घालून जावं, कोरड्या.