लिफ्ट पाहुण्यांसाठी होती

अन्याय माझ्या आईवर झाला, वासंती कुलकर्णीवर. दुसऱ्या लाटेनंतर शाळा उघडल्या त्या पहिल्या सोमवारी, प्रार्थनेच्या आधी. करोनातून जेमतेम उठलेल्या बाईने तळमजल्यावरचा वर्ग मागितला आणि गाझियाबादच्या त्या नव्याकोऱ्या, काचेच्या शाळेने तिला तिसरा मजला दिला. लिफ्ट होती... "मैडम, वो तो विज़िटर्स के लिए है." त्या फुफ्फुसांनी गेल्या महिन्यात हात टेकले. आई गेली आणि तेराव्यापर्यंत मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आजारपणात तिच्या उशाशी मीच होते. डॉक्टरांनी फुफ्फुसांच्या व्यायामासाठी तीन निळ्या प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र दिलं होतं; श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. मी पुढे केलं की "दमले गं, नंतर" म्हणून भिंतीकडे वळायची. पण ऑनलाइन वर्ग सुरू झाला की हीच बाई उशीला टेकून ताठ बसायची, यंत्र कॅमेऱ्यासमोर धरायची आणि सातवीची पोरं कल्ला करायची, "मैम, तीसरी! तीसरी उठाइए!" तिसरी गोळी पहिल्यांदा वर गेली ती त्यांच्यासाठी. मी दाराआडून पाहिली. तेव्हा जळले, अजून जळते.

शाळा सुरू झाल्यावर रोज विचारायचे, "धाप लागत नाही ना?"

"अगं, लिफ्ट आहे. बिल्कुल त्रास नाही."

तेराव्याला तिची विद्यार्थिनी इनाया आली आणि अभिमानाने सांगू लागली, "दीदी, ऊपर आकर मैम बोल ही नहीं पाती थीं. खिड़की पकड़कर खड़ी रहतीं. हम सब ज़ोर-ज़ोर से पहाड़े बोलते थे, ताकि प्रिंसिपल सर को लगे क्लास चल रही है. नहीं तो मैम को हटा देते ना!"

"मला का नाही सांगि... मुझे क्यों नहीं बताया?"

"मैम ने मना किया था. बोलीं, दीदी गेट पर नारे लगाने आ जाएगी."

आलेच असते! जगाच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणाऱ्या मुलीला लिफ्टची थाप, आणि खरी धाप त्या पोरांना. तिचा श्वास कुठे अडतो हे त्यांना ठाऊक होतं, मला नाही.

यंत्र अजून खिडकीत आहे, तिन्ही गोळ्या तळाशी. इनायाने कुतूहलाने हात लावला तेव्हा मी ते झटकन उचलून घेतलं. एवढं तरी माझं.

उद्या मुलांना शाळेत सोडायला जाल तेव्हा विचारा, आजारातून उठलेल्या शिक्षिकेला लिफ्ट मिळते का? आणि उत्तर मिळेपर्यंत गेटवरून हलू नका.