किरमिजी स्वेटर परत मिळणेबाबत

पौष महिना होता. अंगणात सायकल उभी होती, कॅरिअरवर वळकटी बांधलेली होती आणि हँडलला भाकरीची पिशवी. दहावीच्या परीक्षेस तीन वेळा बसून झाल्यावर मी यवतमाळला पोट भरण्यासाठी निघालो होतो. घाटंजीपलीकडच्या आमच्या गावाहून यवतमाळपर्यंत सायकलीने अख्खी सकाळ जाई, आणि रस्ता चढाचा. माझ्या अंगात एकावर एक दोन शर्ट होते. थोरला भाऊ वासुदेव, म्हणजे आमचा दादा, घाटंजीला दूध घालून नुकताच परतला होता. आईने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"वासुदेव, काढ तो स्वेटर. बापूले दे."

"मा, मले उद्या पाहाटे जा लागते ना दूध घेऊन."

"तो जाऊन राह्यला. तू घरीच हायेस. घरच्याले काय थंडी लागते?"

तो स्वेटर किरमिजी रंगाचा. शाळेतल्या मास्तरीणबाईंकडून विणकाम शिकून आईने आयुष्यात विणलेला एकमेव, आणि तो दादासाठी. डाव्या मनगटाशी तिचा एक टाका सुटला होता, तेथे लहानसे भोक राहिले होते. दादाने तो डोक्यावरून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. आतून त्याच्या अंगाची ऊब अजून गेली नव्हती. "पुढच्या थंडीले आनून देजो," तो हसत म्हणाला, "नाही तर तुह्यी सायकल ठेवून घेईन." मी होकार दिला.

गावी राहिलेल्या मंडळींनो आणि माझ्याप्रमाणे निघून आलेल्या बांधवांनो, मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. कचेरीसमोरील लिंबाखाली माझे टेबल आहे. कोणाचे दुःख कोणत्या विषयाखाली येते, हे मला अर्जदाराने तोंड उघडण्याआधी कळते. सबब, खालील मजकूर मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही.

पुढची थंडी आली आणि मी स्वेटर परत केला नाही. त्याचे कारण नमूद करणे आवश्यक आहे. कचेरीसमोर पहिल्या दिवशी मी सायकलीवरून उतरलो तेव्हा एका वकीलसाहेबांनी त्या स्वेटरकडे पाहून मला "बाबू, जरा इकडे या" अशी हाक मारली. त्यांना मी आतला कारकून वाटलो. गावात मला तोवर "नापास" या नावाने ओळखत. एका लोकरी वस्त्राने मी बाबू झालो, आणि तो बाबू मला पुन्हा अंगातून काढवेना.

थंडीत सायकल चालविण्याचेही एक शास्त्र आहे. मी राहतो त्या वाघापूरकडून कचेरीत येताना सकाळचा वारा समोरून छातीवर येतो. तेव्हा कानटोपी, तीवर मफलर, पँटीच्या पायांना क्लिपा, आणि हातमोज्यांची टोके कापलेली, कारण उतरल्याबरोबर पेन धरावयाचे असते. हल्ली शहरात डॉक्टर मंडळींचा सायकलिंग ग्रुप झाला आहे. गिअरच्या सायकली, हेल्मेट, अंगाला चिकटलेल्या चड्ड्या. थंडीत हौसेने घाम काढतात आणि चहाच्या टपरीवर सेल्फी घेतात. मीही त्यांच्यासारखे पोपटी विंडचीटर घेतले. वारा त्यातून शिरत नाही हे खरे. परंतु ते चुरचुर वाजते, आणि मोठा माणूस वाजत येत नाही. म्हणून आत स्वेटर असावाच लागतो.

दादाजवळ काय होते, तेही सांगतो. तो खताच्या रिकाम्या पोत्याला तीन भोके पाडी, शर्टाच्या आत घाली आणि सायकलीला दुधाच्या कॅना लावून घाटंजीची वाट धरी. वहिनीने त्यास बाजारातून नवा स्वेटर आणून दिला होता. तो म्हणे, "टोचते." दुसरा विणण्यास आईची नजर राहिली नव्हती.

एकदा, ऐन थंडीत, दादा माझ्या टेबलापाशी आला. भोवती पाच-सहा अर्जदार बसले होते. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "बापू, स्वेटर देतं का आता? यंदा छातीत लय भरून राह्यलं."

पोत्याची कड त्याच्या गळ्याशी दिसत होती. लोक माझ्याकडे पाहू लागले. मी खुर्चीत मागे रेलून म्हणालो, "इथे तोंडी काही चालत नाही. रीतसर अर्ज करावा लागेल."

मंडळी खो-खो हसली. एक म्हातारा ओरडला, "वरतं कोर्टाचं तिकीट लावा, काकाजी! बिना तिकिटाची लोकर निंगत नाही!"

दादा हसला नाही. समोरच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "लिही मंग. तूच लिही. तुह्यं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिला. विषय : किरमिजी रंगाचा, हातविणीचा स्वेटर परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा नमूद करतो की, सदरहू वस्त्र अर्जदाराच्या मातोश्रींनी अर्जदाराकरिता विणलेले असून, ते एका थंडीपुरते देण्यात आले होते. भाषा उत्तम उतरली, हे मी आजही म्हणेन. दादाने खाली अंगठा उठविला. मी दुसऱ्या प्रतीवर माझ्या नावाचा शिक्का मारून "पोच" असे लिहिले आणि ती त्याच्या हाती दिली. टाळ्या पडल्या. त्या वेळी स्वेटर माझ्या अंगात होता, पोपटी विंडचीटरच्या आत. आणि मी गळ्यापर्यंत चेन ओढून घेतली होती.

शिक्क्याचा कागद हाती आला की त्याचे उत्तर येणारच, असे आमच्या गावाकडचे लोक धरून चालतात. त्यावरच माझे पोट आहे. दादाने ती प्रत शर्टाच्या खिशात ठेवली, आणि यवतमाळला येणाऱ्या प्रत्येकाजवळ निरोप धाडू लागला, "माह्या अर्जाचं काय झालं, विचारजो." मी प्रत्येकास सांगे, "विचाराधीन आहे." माझ्या टेबलावर ती थट्टा तीन हिवाळे चालली. एका आवडत्या गिऱ्हाइकास तर मी ती आपण होऊन सांगत असे.

चौथ्या हिवाळ्यात दादा दूध घालून परतताना वाटेतच सायकलीवरून उतरला, आणि बांधावर बसला तो बसलाच. छाती भरलेली होती, असे डॉक्टरांनी सांगितले. स्वेटर नसल्यामुळे मनुष्य मरत नाही. हे मी लेखी देण्यास तयार आहे. तसे मला कोणी मागितले नाही, इतकेच.

मला निरोप उशिरा मिळाला. तेराव्याच्या दिवशी पहाटे मी सायकल काढली, आणि थंडी होती म्हणून तोच स्वेटर घातला. अंगणात पोहोचलो तेव्हा आई उंबऱ्याशी बसली होती. तिला आता माणसाची फक्त सावली दिसते. तिने माझा हात धरला, आणि तिची बोटे डाव्या मनगटावरील त्या भोकात अडकली.

"हा वासुदेवचा होय. काढ."

सगळे गाव बसले होते. मी काढला. अंगावर शहारा आला, तो लोकांनी पाहिला. वहिनीने स्वेटर घेतला, झटकला आणि दादाची भांडी, अंथरूण, नवे धोतर मांडले होते त्या शेजारी ठेवला. आमच्याकडे तेराव्याला मेलेल्याचे आवडीचे वस्त्र दान करतात, आणि ते घरातल्या माणसास चालत नाही, परक्यासच द्यावे लागते. आईने चाचपून स्वेटर उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"घे."

"मा, मी घरचा ना. मले कसं चालते?"

"घरचा कायचा? घरच्याले अर्ज करा लागते काय? तू भायेरचा. घे, नाही तर त्याचा जीव अडकून राहीन."

मी दोन्ही हात पुढे केले, दान घेताना करतात तसे. वहिनीने चौपदरी झालेला, घामाने पिवळा पडलेला कागद पुढे केला. माझा शिक्का अजून वाचता येत होता. "भाऊजी, हे घ्या. छातीशी ठेवत होते. याच्यानं काही थंडी गेली नाही. याच्यावर काय झालं ते लिहून द्या."

पेन माझ्या खिशात होतेच. मी लिहिले, "निकाली", आणि खाली सही केली. वहिनीने कागद स्वेटरवर ठेवला.

परत येताना वारा समोरून होता. आता तो स्वेटर रीतसर माझा आहे. त्यावर कोणाचा हक्क, हरकत किंवा अर्ज उरलेला नाही. आपणांस घर म्हटले की काय आठवते मला ठाऊक नाही. मला ते मनगटाचे भोक आठवते. ते मी रफू केलेले नाही. रोज सकाळी वाघापूरहून निघताना मी कानटोपी, मफलर, हातमोजे, स्वेटर आणि वर विंडचीटर, असा सर्व सरंजाम चढवितो. वारा त्या एका भोकातून आत येतो आणि कचेरी येईपर्यंत माझे दात वाजत राहतात.

घरच्याला थंडी लागत नाही, असे आई म्हणाली होती.