पावणेदोनशे पौंडांच्या आत

लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये मी फायरमन होतो. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जे इंजिन लावत, त्यावर कोळसा मारायचं काम. घर कार्ल्याचं, वडील त्या भागातले नावाजलेले पैलवान, त्यामुळे अंगात जोर होता. माझ्या इंजिनाचा ड्रायव्हर अँग्लो-इंडियन, तरुणपणी बॉक्सिंग खेळलेला. माझे खांदे पाहून त्यानेच मला रेल्वेच्या क्लबात नेलं.

पहिल्याच लढतीत मी बाद झालो. नाकावर ठोसा बसला तशी मी समोरच्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलून आपटलं. लोक पोट धरून हसले. ड्रायव्हर हसला नाही. पुढे कित्येक महिने त्याने मला फक्त पाय टाकायला शिकवलं, हातांचं नंतर बघू म्हणायचा.

वडिलांना हे पटलं नाही. "आमी मानूस पाडतो. तुमी लोक तोंडं फोडता. ह्यो खेळ व्हय?" एवढं बोलून त्यांनी तो विषय सोडला.

माझा गट लाइट हेवीवेट. वजन पावणेदोनशे पौंडांच्या आत ठेवावं लागे, म्हणून लढतीआधी माझा भात बंद. मी ताकावर असलो की बायकोही भाताला शिवत नसे. सांगूनही ऐकलं नाही.

मुंबईच्या रेल्वे स्पर्धेत मी विजेता झालो आणि सलग तीन वर्षं राहिलो. तिसऱ्या वेळी डाव्या डोळ्यावर जबर मार बसला. त्यानंतर सिग्नलचा दिवा धुरातून पाहिल्यासारखा दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक असा ठोसा बसला तर डोळा जाईल. डोळा गेला की इंजिनही गेलं, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी मी चौथ्यांदा नाव दिलं. ड्रायव्हरने साफ सांगितलं, तुझ्या कोपऱ्यात मी उभा राहणार नाही.

दोन फेऱ्यांच्या मधे पाणी द्यायला, तोंड पुसायला कोपऱ्यात आपलं कुणीतरी लागतंच. वडील म्हणाले, मी येतो. मला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं.

दुसऱ्या फेरीत डाव्या बाजूने येणारे हात मला दिसेनासे झाले. मी तरीही उभा होतो, मारतही होतो. तेवढ्यात पायाशी ओला टॉवेल येऊन पडला आणि पंचाने लढत थांबवली. कोपऱ्यातून टॉवेल आला की हार कबूल, असा नियम; टॉवेल वडिलांनी टाकला होता. परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही, नंतरही बरेच दिवस नाही.

शेवटी बायकोने सांगितलं. स्पर्धेच्या आधी ड्रायव्हर घरी येऊन गेला होता. त्याला धड मराठी येईना, म्हणून त्याने वडिलांचाच पंचा ओढून घेतला, अंगणात फेकून दाखवला आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं. वडिलांना तेवढं पुरलं.

मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो. तरुणपणी एका कुस्तीत मोडलेला गुडघा ते तेलाने चोळत होते. हार न मानता मोडून घेतलेला, असं गावात कौतुकाने सांगत.

"आमच्या येळी असं काय फेकायला नव्हतं," ते म्हणाले.

डोळा हळूहळू निवळला. ड्रायव्हर होण्याची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो. हातमोजे पुन्हा घातले नाहीत.